चाप, गजरा आणि स्क्रंची: कस्टम्सच्या यादीची चिकित्सा



पीएचडीची तयारी करणारे बरेच जण विचारतात, "डेटा कुठून डाउनलोड करू?" प्रश्न रास्त आहे, पण त्याच्या आधीचा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. त्या डेटातले रकाने कोणी आखले, आणि कुठल्या नियमाने? आज आपण रकान्यांचाच एक दस्तऐवज चिकित्सक नजरेने वाचू. एखाद्या शोधनिबंधाची समीक्षा करतो तशीच याची करायची. दस्तऐवज आहे आयात शुल्काच्या वर्गीकरणाचा, आणि त्यातला तुकडा आहे केसांचं सामान आणि टोप्या.

विषय फुटकळ वाटतोय ना? म्हणूनच निवडला. मोठ्या विषयात आपण मोठ्या शब्दांच्या आड लपू शकतो, चापाच्या आड लपता येत नाही.

१. एक हातगाडी, अनेक प्रकरणं

वसई रोड स्टेशनबाहेर दिसते तशी एखादी हातगाडी डोळ्यासमोर आणा. प्लास्टिकचे चाप, काळे आकडे, कंगवे, कापडी हेअरबँड, स्क्रंची, अंबाड्याची जाळी, खड्यांच्या पिना, कडेला चार टोप्या. गाडीवाल्याला विचारलंत तर तो म्हणेल, "केसांचं सामान." त्याच्यासाठी हा एकच वर्ग आहे, आणि गिऱ्हाइकासाठीही.

आता हाच माल कंटेनरमधून न्हावाशेवा बंदरात उतरला असं समजा. तिथे प्रत्येक वस्तूला कोड लागतो. हे कोड ज्या पद्धतीतून येतात तिला हार्मोनाइज्ड सिस्टिम म्हणतात, बोलीभाषेत एचएस. ब्रसेल्सच्या जागतिक सीमाशुल्क संघटनेची ही पद्धत १ जानेवारी १९८८ पासून अमलात आहे आणि २०० हून अधिक देश व अर्थव्यवस्था ती वापरतात. २१ विभाग, ९७ प्रकरणं, त्यातलं ७७ वं मुद्दाम रिकामं ठेवलेलं. पहिले सहा अंक सगळ्या जगात सारखे, पुढचे देशागणिक वेगळे. भारतात एकूण आठ अंक असतात आणि ही यादी सीमाशुल्क दर कायदा, १९७५ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. दुकानदाराच्या जीएसटी बिलावर 'एचएसएन' म्हणून जो आकडा छापलेला असतो, तो याच घराण्यातला.

चला, गाडी रिकामी करू:

- प्लास्टिकचा कंगवा आणि प्लास्टिकचा चाप: ९६१५. याच शीर्षकात आकडे आणि केस कुरळे करायचे साधे रोलरही येतात.
- विजेवर चालणारा कर्लर: ८५१६, म्हणजे इस्त्री आणि गिझरच्या शेजारी.
- अंबाड्याची जाळी: ६५०५, टोप्यांबरोबर. जाळी कुठल्याही पदार्थाची असो.
- कापडी स्क्रंची: विणीच्या, म्हणजे टी-शर्टसारख्या कापडाची असेल तर ६११७, साध्या मागावरच्या कापडाची असेल तर ६२१७. दोन्ही ठिकाणी ती कपड्यांची 'ॲक्सेसरी' ठरते.
- साधं रबरबँड: ४०१६, रबराच्या इतर वस्तूंत.
- सुती टोपी: ६५०५. हेल्मेट: ६५०६. पण तीच टोपी वापरून जुनी झालेली असेल तर ६३०९, जुन्या कपड्यांत. आणि खेळण्यातली असेल तर प्रकरण ९५.
- गंगावन: ६७०४, विग आणि खोट्या दाढीमिशांसोबत.

एका हातगाडीचा माल डझनभर शीर्षकांत विखुरला. इथे पहिली प्रतिक्रिया "काय हा बाबूगिरीचा नमुना" अशी येते. ती जरा थांबवा. समीक्षा करताना आधी दस्तऐवज स्वतःच्या नियमांनी नीट चालतो का ते बघायचं, मग ते नियम आपल्याला पटतात का ते.

२. यादीची जमेची बाजू

माझं एमएससी वनस्पतिशास्त्रात झालं. तिथे झाड ओळखायला 'की' वापरायला शिकवतात. पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक? समोरासमोर असतील तर पुढच्या अमुक ओळीवर जा. चांगल्या 'की'ची खूण काय? दोन वेगळ्या माणसांनी वापरली तरी उत्तर एकच यायला हवं.

एचएसने याच गोष्टीवर मेहनत घेतलेली दिसते. यादीच्या सुरुवातीलाच अर्थ लावण्याचे सहा सर्वसाधारण नियम आहेत. पहिला नियम म्हणतो की विभागांची आणि प्रकरणांची नावं फक्त सोयीसाठी आहेत. वर्ग ठरतो तो शीर्षकातल्या शब्दांवरून आणि विभागाच्या व प्रकरणाच्या टिपांवरून. म्हणजे प्रकरणाच्या नावात 'टोप्या' आहे म्हणून सगळ्या टोप्या तिथेच जातील असं नाही. जुनी टोपी बाहेर का गेली? कारण प्रकरण ६५ ची पहिलीच टीप तसं सांगते.

एकच वस्तू दोन शीर्षकांत बसत असेल तर तिसरा नियम. त्यात तीन पायऱ्या आहेत आणि त्या क्रमानेच चढायच्या. ज्या शीर्षकाचं वर्णन जास्त नेमकं ते आधी. त्याने सुटलं नाही तर, मिश्र वस्तू किंवा सेट असेल तेव्हा, ज्या घटकामुळे वस्तूला तिचं मुख्य स्वरूप येतं तो बघायचा. तरीही अडलं तर दोन्हींतला आकड्याने शेवटचा कोड घ्यायचा.

ही शेवटची पायरी मला फार आवडते. तिला कसलंही तात्त्विक समर्थन नाही. ६५०५ आणि ९६१५ मध्ये खरंच अडलं तर ९६१५, का तर तो नंतर येतो. पण हा मनमानीपणा आधीच लिहून ठेवलाय आणि सगळ्यांना सारखाच लागू आहे. आपल्या कोडबुकमध्येही अशी अडलेली प्रकरणं असतात. ती आपण कशी सोडवतो? त्या दिवशी जसं सुचेल तसं. मग सहा महिन्यांनी गाइड विचारतात, "हे या गटात का टाकलं?" आणि आपल्याकडे उत्तर नसतं.

दुसरी जमेची बाजू म्हणजे वगळण्याच्या टिपा. खड्यांचा चमचमता चाप हा चाप आहे की खोटा दागिना? प्रकरण ७१ ची अकरावी टीप इथे थेट बोलते: नकली दागिन्यांच्या ७११७ या शीर्षकात ९६१५ मधले शोभेचे कंगवे, चाप आणि आकडे धरायचे नाहीत. उलट बाजूने प्रकरण ९६ ची चौथी टीप सांगते की मौल्यवान धातू किंवा रत्न त्यात किरकोळ प्रमाणात असेल तरच वस्तू ९६१५ मध्ये राहते. म्हणून पितळेचं अंबाड्याचं फूल आकड्यांत जातं आणि आजीच्या पेटीतलं सोन्याचं फूल ७११३ मध्ये, खऱ्या दागिन्यांत. सीमेच्या दोन्ही बाजूंनी कुंपण घातलंय. 'या वर्गात काय येतं' हे सगळेच लिहितात. 'काय येत नाही, आणि ते कुठे जातं' हे लिहिणारे थोडे.

३. उणी बाजू: निकषांची सरमिसळ

आता टीका. वर्गीकरणाच्या पाठात शिकवलं जातं की एका पातळीवर एकच निकष वापरा. इथे तसं नाही. जाळीला 'कुठल्याही पदार्थाची' म्हटलंय, म्हणजे निकष वापराचा. चाप आणि कंगव्यांना आधी वापराने एकत्र आणलं आणि मग सहाव्या अंकाला टणक रबर किंवा प्लास्टिक एकीकडे, बाकीचे दुसरीकडे असं पदार्थाने तोडलं. स्क्रंचीला मात्र वापर विचारलाच नाही. ती कापडाची आहे ना, मग कापडाच्या प्रकरणात जा. आणि तिथेही विणीवरून दोन प्रकरणं.

शब्दही फसवे आहेत. ६५०७ या शीर्षकात इंग्रजीत 'हेडबँड' असा शब्द आहे. तो बघून कोणी हेअरबँड तिथे टाकेल. पण शीर्षक शेवटपर्यंत वाचा: अस्तर, टोपीचा सांगाडा, टोपीची पुढची झड, हनुवटीचा पट्टा. हा हेडबँड म्हणजे टोपीच्या आत घाम टिपायला लावतात ती पट्टी. शब्दावर शोध मारून कोड उचलण्याची सवय असेल तर ती इथेच सोडा.

तुमच्या दृष्टीने याचा परिणाम काय? समजा तुमचा प्रबंध 'भारतातील केसांच्या सामानाची आयात' यावर आहे. तुम्ही ९६१५ चे आकडे उतरवले, आलेख काढला, निष्कर्ष लिहिला. त्या आलेखात कंगवा आहे, जो कदाचित तुम्हाला नको होता. स्क्रंची, कापडी हेअरबँड, जाळी आणि गंगावन नाहीत. आणि ६११७८० किंवा ६२१७१० चे आकडे जोडून भरपाईही होत नाही, कारण तिथे स्क्रंची इतर अनेक ॲक्सेसरीजमध्ये मिसळलेली आहे. एकदा मिसळलं की वेगळं काढता येत नाही. अमेरिकेच्या दरपत्रकात सहा अंकांच्या पुढे कापडी हेडबँड आणि पोनीटेल बांधायच्या वस्तूंसाठी स्वतंत्र ओळ केलेली आहे, म्हणजे अडचण सुटण्यासारखी आहे. पण सहा अंकांवर, जिथे देशादेशांची तुलना होते, तिथे ही वस्तू दिसत नाही.

४. गजरा आणि मुंडावळ्या

आपल्याकडचं उदाहरण घेऊ. वसईच्या वाड्यांतली फुलं दादरच्या बाजारात जातात हे तुम्हाला माहीत आहेच. त्यातल्या मोगऱ्याचा, म्हणजे जास्मिनम साम्बॅकचा, गजरा झाला. तो केसात माळतात. एचएसला विचारलं तर?

ताज्या फुलांचं शीर्षक ०६०३. प्रकरण ६ ची दुसरी टीप म्हणते की गुच्छ, परड्या, चक्रं आणि तशाच बनवलेल्या वस्तू त्या फुलांबरोबरच धरा आणि त्यातलं बाकीचं साहित्य लक्षात घेऊ नका. म्हणजे दोरा मोजायचा नाही, गजरा फुलांत. कापडी फुलांचा गजरा ६७०२ मध्ये, कृत्रिम फुलांत. दोन्ही वेळी 'केसात माळायचं' ही ओळख पुसली जाते.

मुंडावळ्यांचंही तसंच. फुलांच्या असतील तर ०६०३. खोट्या मोत्यांच्या असतील तर, माझ्या वाचनाप्रमाणे, ७११७.

इथे "पाश्चात्त्यांची यादी, आपल्या वस्तूंना जागाच नाही" असं लिहिण्याचा मोह होतो. अर्धवट वाचून केलेली टीका अशीच असते. जागा आहे. उलट ६७०४ च्या वर्णनात गंगावनासाठी चपखल शब्द आहे. नाव नसणं आणि जागा नसणं या वेगळ्या गोष्टी आहेत. टीका करायचीच तर नेमकी करा: नाव नसलेली वस्तू आकडेवारीत दिसत नाही, आणि जी दिसत नाही तिच्यावर धोरण करणंही अवघड जातं.

५. एवढं महत्त्व कशाला? पैसे मोजून बघा

२०२२ च्या अर्थसंकल्पात नकली दागिन्यांवरचं आयात शुल्क बदललं. आधी ते किमतीच्या २० टक्के होतं. नवीन नियम असा: २० टक्के किंवा किलोमागे ४०० रुपये, जे जास्त असेल ते. कारणही सांगितलं होतं: किंमत कमी दाखवून होणारी आयात रोखायची. पुढच्या वर्षी ते २५ टक्के किंवा किलोमागे ६०० रुपये झालं. ९६१५ चं मूळ शुल्क २०२० मध्ये १० वरून २० टक्क्यांवर नेलं होतं, तिथे किलोचा हिशेब नव्हता. (दर बदलत राहतात, तुमच्या कामासाठी त्या त्या वर्षाचा दर बघा.)

आता २०२२ चा नियम घेऊन गणित करू. आकडे मी समजायला सोपे घेतलेत. खड्यांच्या एका पिनेचं वजन १० ग्रॅम, जाहीर केलेली किंमत २ रुपये. एका किलोत १०० पिना, किंमत २०० रुपये. बाकीचे कर बाजूला ठेवले तर ९६१५ मध्ये शुल्क २०० चे २० टक्के, म्हणजे ४० रुपये. तोच माल ७११७ मध्ये धरला तर किमान ४०० रुपये. पीन तीच, कंटेनर तोच, शुल्क दहापट.

हा फरक कुठे संपतो? ४०० ला ०.२० ने भागा: किलोला २,००० रुपये. त्याच्या वरच्या महाग मालाला दोन्ही कोडांत शुल्क सारखंच. म्हणजे वाद सगळा स्वस्त मालाचा. तो विकणारा हातगाडीवाला, तो घेणारी कॉलेजची मुलगी आणि तसाच माल इथे बनवून पोट भरणारा छोटा कारागीर, तिघंही या एका टिपेच्या टोकाला बांधलेले आहेत.

आता सीमारेषेवरच्या वस्तू बघा. खड्यांचा चाप केस धरून ठेवतो, त्यामुळे अकराव्या टिपेने तो दागिन्यांतून बाहेर. कपाळावर रुळणारी बिंदी केसांत आकड्याने अडकवतात, पण तो आकडा फक्त बिंदी धरतो, केस धरत नाही. माझ्या मते ती दागिना. पण अंबाड्याची अशी पीन घ्या जिचं फूल तळहाताएवढं आहे आणि काटा नावापुरता? टीप 'आकडा' म्हणते, पण किती काटा म्हणजे आकडा हे सांगत नाही. कुंपण आहे, त्यात फट आहे, आणि दराने त्या फटीची किंमत वाढवून ठेवली आहे. माझी मुख्य टीका हीच आहे. वर्गाची सीमा धूसर असताना तिच्या दोन बाजूंना वेगवेगळ्या जातीचे दर लावले की माल या बाजूचा त्या बाजूला सरकण्याचं आमिष आपोआप तयार होतं. २०११ पासून आपल्याकडे आयातदार स्वतःच वर्गीकरण करून शुल्क जाहीर करतो आणि खातं ते तपासतं, हेही लक्षात ठेवा.

हे आमिष मोजताही येतं. रेमंड फिसमन आणि शांग-जिन वे यांचा २००४ चा 'जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी'मधला निबंध जरूर वाचा. हाँगकाँगने चीनला पाठवलेला माल म्हणून नोंदवलेले आकडे आणि चीनने हाँगकाँगहून आलेला माल म्हणून नोंदवलेले आकडे त्यांनी वस्तूवार समोरासमोर ठेवले. कर एका टक्क्याच्या अंकाने वाढला तर ही तफावत सुमारे ३ टक्क्यांनी वाढते असं त्यांना आढळलं. शिवाय जवळच्या, कमी कराच्या वस्तूच्या नावाखाली माल दाखवला जात असल्याच्या खुणाही मिळाल्या.

म्हणून २०२२ नंतर ७११७ ची आयात घटलेली आणि ९६१५ ची वाढलेली दिसली तर "मुलींची आवड बदलली" असं लिहू नका. आधी विचारा: माल बदलला की मालाचं नाव?

६. मग शब्दाचा अर्थ कोण ठरवतो?

टीप गप्प असली की प्रश्न न्यायालयात जातो. अकोल्याचं एक जुनं प्रकरण आहे, सर्वोच्च न्यायालयाचा १९६१ चा निकाल. विड्याचं पान ही भाजी आहे का? मध्य प्रांत व वऱ्हाडच्या विक्रीकर कायद्यात भाज्यांना सूट होती. वनस्पतिशास्त्राने पान वनस्पतीचंच आहे, पण न्यायालयाने म्हटलं की रोजच्या बोलण्यात लोक ज्याला भाजी म्हणतात तीच भाजी. विड्याच्या पानाला सूट मिळाली नाही. वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मला हा निकाल पटतो: शास्त्राचा शब्द शास्त्राच्या कामासाठी, बाजाराचा बाजारासाठी.

अलीकडचं प्रकरण केसांच्याच जवळचं आहे. छोट्या बाटलीतलं शुद्ध खोबरेल तेल खाद्यतेल (१५१३) की केसांचं तेल (३३०५)? २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींची मतं जुळली नाहीत. अखेर १८ डिसेंबर २०२४ ला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं की बाटली छोटी आहे एवढ्यावरून ते केसांचं तेल ठरत नाही. केसांचं तेल म्हणून विकायला मांडल्याच्या खुणा वेष्टनावर हव्यात. आपल्यातल्या बऱ्याच घरांत तीच बाटली दोन्ही कामांना असते, तरी यादीला एकच उत्तर हवं असतं.

या दोन निकालांतून शिकायचा तो क्रम. आधी मजकूर आणि टिपा, मग बाजाराचा शब्द. अकोल्याच्या कायद्यात भाजीची व्याख्या नव्हती, म्हणून लोकांच्या बोलण्याकडे जावं लागलं. चापाच्या बाबतीत टीप आहे, त्यामुळे दुकानदार त्याला 'ज्वेलरी' म्हणत असला तरी टीप मोडत नाही.

७. तुमच्या कोडबुकसाठी

माझा निवाडा असा. यादी म्हणून एचएस भक्कम आहे, कारण तिचे नियम लिहिलेले आणि क्रमवार आहेत. संशोधनाचं साधन म्हणून ती, तुमचा प्रश्न वापराबद्दल असेल तर, कच्ची आहे, कारण ती कर वसूल करायला बनली आहे आणि निकष सोयीने बदलते. तिच्यातलं पहिलं उचला, दुसरं टाळा. तुमची मुलाखतींची, प्रजातींची किंवा बातम्यांची जी काही वर्गवारी असेल, तिला हे चार प्रश्न विचारा:

१. प्रत्येक वर्गासमोर 'काय येत नाही आणि ते कुठे जातं' हे लिहिलंय का?
२. दोन वर्गांत अडलं तर कुठला नियम आधी, कुठला नंतर?
३. एका पातळीवर एकच निकष आहे का? नसेल तर का नाही, हे सांगितलंय का?
४. 'इतर' या वर्गात काय काय साठतंय? त्यातलं एखादं वेगळं काढण्याएवढं मोठं झालंय का?

आणि एक गृहपाठ. घरातल्या केसांच्या आणि डोक्यावरच्या वीस वस्तू घ्या. त्यांच्यासाठी पाचच वर्ग आणि जास्तीत जास्त तीन टिपा लिहा. तुमची यादी मैत्रिणीला द्या, तोंडी काही समजावू नका, आणि दोघींनी वेगवेगळं वर्गीकरण करा. मग कोहेनचा कॅप्पा काढा. योगायोगाने जुळणारा भाग वजा करून दोघींचं किती जुळलं ते तो सांगतो. १ आला तर उत्तम, शून्याच्या आसपास आला तर टिपा पुन्हा लिहा. जिथे जुळलं नाही त्या वस्तू टाकून मात्र देऊ नका, प्रबंधातली सगळ्यात चांगली पानं बहुतेक तिथूनच निघतील.